निम्मा सिनेमा काळोखात

थिएटरात फिल्मच्या पट्टीवरून ‘शोले’ बघणारा माणूस जवळजवळ दीड तास काळाकुट्ट पडदा बघत असतो, असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण हे अक्षरशः खरं आहे.

१५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त लागलेला हा सिनेमा सव्वातीन तासांहून थोडा लांब. तेवढ्या वेळात सेकंदाला २४ या हिशोबाने सुमारे २ लाख ८५ हजार छायाचित्रं पडद्यावर येऊन जातात आणि त्यातलं एकही हलत नाही. फिल्मची पट्टी प्रोजेक्टरच्या खिडकीशी येते, थबकते, पुढे सरकते, पुन्हा थबकते. सरकताना ती दिसली तर पडद्यावर नुसता फराटा उमटेल. म्हणून तेवढ्यापुरतं एक फिरतं झाकण दिव्याच्या आड येतं. शिवाय चित्र स्थिर असतानाही ते एकदा मध्ये येऊन जातं, कारण सेकंदाला २४ वेळा झालेली उघडझाप डोळ्यांना खुपते, ४८ वेळा झाली तर पत्ताही लागत नाही. या सगळ्या झाकाझाकीची बेरीज केली की निम्म्याच्या आसपास वेळ पडद्यावर उजेडच नसतो.

मग बसंतीचा टांगा धावतो कसा? तो आपण धाववतो. दोन जागी आळीपाळीने उजळणाऱ्या रेघा दाखवल्या, की माणसाला तिथे एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते, हे मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रयोगाने दाखवलं. मधली हालचाल बाहेर कुठेच नसते, ती मेंदू भरून काढतो. वर्थायमरचा प्रयोग रेघांपुरता होता. पण पंच्याहत्तर सालचे सिनेमे एकापाठोपाठ एक बघितले की वाटतं, ही गोष्ट फक्त हालचालीपुरती नाही. पडद्यावर जे नसतं ते भरून काढण्यावर सिनेमाचा सगळा कारभार चालतो, आणि त्या एका वर्षात हे काम जितक्या तऱ्हांनी झालं तितकं क्वचितच झालं असेल.

वर्षही तसंच भरगच्च. जानेवारीत ‘दीवार’, फेब्रुवारीत ‘आंधी’, एप्रिलमध्ये ‘चुपके चुपके’, मे महिन्यात ‘जय संतोषी माँ’, जूनमध्ये ‘मिली’, ऑगस्टमध्ये ‘शोले’ आणि वर्ष सरता सरता ‘मौसम’. मराठीत ‘सामना’ आणि ‘पांडू हवालदार’. श्याम बेनेगलांचा ‘निशांत’ही त्याच वर्षीचा. आज पंच्याहत्तर सालातला आवडता सिनेमा निवडायचा म्हटलं तर घराघरांत भांडणं लागतील. मी निवड करण्याऐवजी यातल्या काहींच्या पोटात शिरून बघणार आहे.

सात किलोमीटरची पट्टी

‘शोले’ची ७० एमएम प्रिंट मिनिटाला एकशे साडेबारा फूट या वेगाने प्रोजेक्टरमधून जाते. पूर्ण सिनेमाची पट्टी उलगडली तर ती जवळपास सात किलोमीटर भरेल. म्हणजे ग्रँट रोडच्या मिनर्व्हापासून निघून थेट दादरला पोहोचेल.

गंमत अशी, की ही रुंद पट्टी कॅमेऱ्यात कधी गेलीच नव्हती. ७० एमएमचे कॅमेरे परवडणारे नव्हते. छायाचित्रकार द्वारका दिवेचांनी सगळं चित्रीकरण नेहमीच्या ३५ एमएमवर केलं. मात्र पुढे ही चौकट पसरट होणार, डोक्यावरचं आणि पायाखालचं काही छाटलं जाणार, हे धरून काचेवर खुणा करून घेतल्या आणि त्या खुणांच्या आत बंगळूरजवळच्या रामनगरचे खडक, घोडे आणि माणसं बसवली. मग लंडनमध्ये ते चित्र मोठं करून ७० एमएमवर उतरवलं गेलं. घोडेस्वार पडद्याच्या एका टोकाला आणि ठाकूरची हवेली दुसऱ्या टोकाला दिसते, ती रुंदी दिवेचांनी अरुंद खिडकीतून बघत मनातल्या मनात मोजलेली होती.

आवाजाची तऱ्हा याहून अजब. ३५ एमएमच्या साध्या प्रिंटवर आवाज चित्रांच्या कडेने एका नागमोडी पट्टीच्या रूपात छापलेला असतो. तिच्यातून उजेडाचा किरण जातो, तो कमीजास्त होतो, आणि त्या चढउताराचा पुन्हा आवाज होतो. म्हणजे लता मंगेशकरांचा स्वर थिएटरात पोहोचण्याआधी काही क्षण उजेड झालेला असतो. ७० एमएमच्या प्रिंटवर मात्र टेपरेकॉर्डरच्या फितीसारखे चुंबकीय पट्टे असतात आणि त्यांवर सहा वेगवेगळ्या ध्वनिरेषांची सोय असते. पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी, सहावी प्रेक्षागृहातल्या स्पीकरांसाठी.

आणि एखादं चित्र व त्याचाच आवाज पट्टीवर शेजारी शेजारी नसतातच! खिडकीपाशी पट्टी थांबत थांबत जाते, तर आवाज वाचणाऱ्या यंत्रापाशी ती एकसारखी वाहावी लागते, नाहीतर प्रत्येक शब्द तोतरा होईल. दोन्ही गोष्टी एका जागी जमणं शक्य नाही. म्हणून ३५ एमएमवर आवाज वीसेक चौकटी पुढे छापलेला असतो आणि ७० एमएमवर २४ चौकटी मागे. गब्बरचे ओठ हलतात ती चौकट आणि त्याचा शब्द, यांच्यात पट्टीवर एका सेकंदाचं अंतर असतं. आपल्यापर्यंत दोन्ही एकदम पोहोचतात.

जयने उडवलेलं नाणं खणखणत पडतं, तेव्हा ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक वाकून बघायचे, असे किस्से मिनर्व्हाचे जुने प्रेक्षक अजून सांगतात. तोवर बहुतेक सिनेमांत आवाज यायचा तो समोरून. तो बाजूने, मागून येऊ शकतो ही कल्पनाच बहुतेक कानांना नवी होती. पडद्यावर जय नाणं उडवताना दिसत होता, पण पडायची जागा शोधत होते ते प्रेक्षक.

याच सिनेमात राहुलदेव बर्मन यांच्या चमूने केलेले आवाजाचे खेळ कान देऊन ऐकण्यासारखे आहेत. ‘मेहबूबा’ गाण्याच्या सुरुवातीला घुमणारा फुंकरीचा आवाज बाटल्यांचा आहे. अर्धवट भरलेल्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की गळ्याजवळची हवा स्प्रिंगसारखी मागेपुढे होते आणि सूर निघतो. पाणी वाढवलं की आतली पोकळी कमी होते, सूर चढतो. डाकू बसंतीचा पाठलाग करतात तेव्हा वाजतो तो पंडित सामताप्रसादांचा तबला. घोड्यांच्या टापा आणि तबल्याचे बोल यांची अशी जुगलबंदी लागते की त्या प्रसंगात बडबडी बसंती फारसं बोलत नाही, हे लक्षातही येत नाही.

वीस मिनिटांचा उजेड

‘शोले’तला माझा सगळ्यात लाडका प्रसंग गोळीबाराचा नाही. संध्याकाळी राधा हवेलीतले दिवे एकेक करून लावत किंवा मालवत जाते आणि खाली ओट्यावर जय माउथ ऑर्गन वाजवत बसतो, तो. माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा. पडद्यावर हे सगळं क्षणात संपतं. चित्रित करायला मात्र वीसेक दिवस लागले.

कारण सूर्य. मावळल्यानंतर आणि काळोख पडण्याआधी आकाशाचा सगळा घुमटच दिव्याचं काम करतो. सावल्या विरतात, रंग मऊ होतात आणि कंदिलाची ज्योत आकाशाच्या तोडीस तोड उजळ दिसते. भर उन्हात ती दिसणार नाही, पुऱ्या रात्री फक्त तीच दिसेल. दिवेचांना हवा होता तो मधला समतोल. युरोपच्या उत्तरेकडे उन्हाळ्यात हा संधिप्रकाश रेंगाळतो, कारण तिथे सूर्य तिरका तिरका क्षितिजाखाली जातो. रामनगरला तो जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि वीस-बावीस मिनिटांत खेळ आटोपतो. त्यात कॅमेरा हलवायचा, दिवे पेटवायचे, जया भादुरींनी चालायचं. एखाद-दुसरा शॉट झाला की त्या दिवसाचं काम संपलं.

वेगवेगळ्या संध्याकाळींचे तुकडे जोडून ही एक संध्याकाळ तयार झाली आहे. त्या दोघांमध्ये एकही शब्द बोलला जात नाही. विधवा राधा आणि भुरटा चोर जय यांचं काय चाललंय, हे पटकथा सांगत नाही. आपल्याला मात्र सगळं कळतं.

शिंद्यांची कात्री

‘शोले’ला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, हे आजही लोकांना खोटं वाटतं. ते मिळालं संकलक एम. एस. शिंदे यांना. आणि ते किती योग्य जागी गेलं हे बघायचं असेल तर तीन जोड बघा.

पहिला. इमामसाहेबांचा मुलगा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर, डाकूंच्या हाती सापडतो. गब्बर आडवा पडलेला आहे. त्याच्या हातावर एक मुंगी चालते आहे. तो तिच्याकडे बघतो आणि तिला चिरडतो. पुढच्या चित्रात घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात शिरतो. मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता. तो काढून टाकला गेला. मुंगी आणि प्रेत यांच्यामध्ये काहीच नाही, आणि हिंदी सिनेमातल्या क्रूर हत्यांची यादी केली तर ही न दाखवलेली हत्या त्यात हमखास येईल.

दुसरा. ठाकूरच्या घरच्यांवर गोळ्या झाडल्या जातात, तेव्हा कोसळणारं प्रत्येक माणूस पडद्यावर गोठतं. सिनेमाने इथे आपली नेहमीची फसवणूक थांबवलेली असते. चित्र हलेनासं झालं, की जीव गेला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा. गब्बर दोन्ही हातांत तलवारी घेऊन ठाकूरच्या हातांवर उगारतो. तलवारी खाली येतात आणि आपण वर्तमानात परत येतो, जिथे ठाकूरच्या अंगावरची शाल गळून पडते आणि रिकाम्या बाह्या लोंबतात. तोवर तासाहून अधिक काळ संजीवकुमार शालीत हात लपवून समोर वावरत होता. सगळे धागेदोरे डोळ्यांसमोर होते. कोणाला शंका आली नाही, कारण शालीखाली हात असणारच, हे आपण गृहीत धरलेलं होतं.

पायऱ्यांवरचा विजय आणि दाराशी काढलेल्या चपला

‘शोले’च्या वर्षीच धंद्यात त्याच्या रांगेत जाऊन बसलेला सिनेमा म्हणजे विजय शर्मा दिग्दर्शित ‘जय संतोषी माँ’. ना मोठे नट, ना मोठा पैसा. गाणी कवी प्रदीप यांची, संगीत सी. अर्जुन यांचं, आवाज उषा मंगेशकरांचा आणि देवीच्या भूमिकेत अनिता गुहा. लोक थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जात. पडद्यावर देवी आली की नाणी आणि फुलं उधळली जात, आरतीची ताटं ओवाळली जात. शुक्रवारचं व्रत, गूळ-चण्याचा प्रसाद आणि आंबट न खाण्याचा नेम, हे सगळं आधीपासून होतंच. पण सिनेमानंतर ते अशा घरांत पोहोचलं जिथे संतोषीमातेचं नावही पूर्वी कोणी घेतलं नव्हतं.

यातल्या चमत्कारांची कारागिरी साधी आहे. भिंगाचा एक भाग झाकून चित्रण करायचं, फिल्म मागे गुंडाळायची, मग उरलेला भाग झाकून तीच फिल्म पुन्हा वापरायची. दोन वेगळ्या वेळी घेतलेली चित्रं एका चौकटीत येतात. माणूस उभा असताना कॅमेरा थांबवायचा, माणसाला बाजूला करायचं, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. माणूस अदृश्य! दादासाहेब फाळक्यांनी मूकपटांच्या काळात हेच केलं होतं. पंच्याहत्तर साली ते जुनंपानं झालेलं होतं, जोड उघडे दिसत होते. तरी बायका डोळे पुसत होत्या. जिथे ‘शोले’ने लंडनहून आवाज आणला, तिथे या सिनेमाने उरलेलं सगळं प्रेक्षकांवर सोडलं आणि प्रेक्षकांनी ते भरभरून पुरवलं.

आता त्याच वर्षीचा ‘दीवार’ शेजारी ठेवून बघा. आई आणि धाकटा भाऊ देवळात जातात, नायक विजय बाहेर थांबतो. सबंध सिनेमाभर तो देवाला हात जोडत नाही. जोडतो ते शेवटी, आईसाठी, आणि तेही भांडायला आल्यासारखे. छातीपाशी मात्र गोदीतल्या हमालाचा ७८६ क्रमांकाचा बिल्ला जपतो. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या या नास्तिकावर ज्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी चारच महिन्यांनी आईबरोबर चपला काढून संतोषीमातेचं दर्शन घेतलं असणार. आपला प्रेक्षक एका खुर्चीत बसून दोन्ही गोष्टी खऱ्या मानू शकतो. यात मला तरी काही विसंगती दिसत नाही. अंधारात बसण्याचा करारच तसा असतो.

हेच नटांच्या बाबतीत. जानेवारीतला धगधगता विजय एप्रिलमध्ये ‘चुपके चुपके’त वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक असल्याचं नाटक वठवत घामाघूम झालेला इंग्रजीचा प्राध्यापक होतो. त्याच सिनेमात शुद्ध हिंदीचा आग्रह धरून साडूचा पार खुळखुळा करणारा ड्रायव्हर धर्मेंद्र. ऑगस्टमध्ये हेच दोघे जय आणि वीरू. शिफ्टच्या हिशोबाने चालणाऱ्या त्या काळच्या मुंबईत एकाच नटाचे तीन-चार सिनेमे एकदम सुरू असत आणि प्रत्येकाचे प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होत. तारखांच्या या गुंत्यातूनच अमजद खान घडला. गब्बरची भूमिका आधी डॅनी डेन्झोंग्पा करणार होता, पण तो फिरोज खानच्या ‘धर्मात्मा’साठी अफगाणिस्तानात अडकलेला. ‘धर्मात्मा’ही पंच्याहत्तरचाच.

दोन माणसं, एक प्रश्न

७० एमएमच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘सामना’. कृष्णधवल, छोटा, रामदास फुटाण्यांनी उभा केलेला. डॉ. जब्बार पटेलांचा हा पहिला सिनेमा. पटकथा विजय तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं. ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणणारी हीच मंडळी आता कॅमेऱ्यामागे उभी होती. गावचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले आणि दारूत बुडालेला गांधीवादी मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं?

निळूभाऊंचा आवाज इथे नीट ऐका. हिंदुराव ओरडत नाही. त्याला ओरडायची गरज पडत नाही. तो हळू बोलतो, वाक्याच्या मध्ये थांबतो, आणि त्या थांबण्यात समोरच्याच्या तोंडचं पाणी पळतं. कारखाना, सोसायटी, पोलीस, पुढारी यांचं सगळं जाळं पडद्यावर उलगडून दाखवायला दहा सिनेमे कमी पडले असते. ते त्या एका विरामात मावतं, कारण उसाच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला उरलेलं पाठ होतं. हा सिनेमा १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. गावाकडच्या सत्तेचा हाच विषय तेंडुलकरांनी ‘निशांत’मध्येही हाताळला, आणि ‘निशांत’ पुढच्या वर्षी कान महोत्सवात गेला.

त्याच साली दादा कोंडके ‘पांडू हवालदार’मधून पहिल्यांदा दिग्दर्शक झाले. सोबत उषा चव्हाण आणि अशोक सराफ. तेंडुलकर आणि दादा यांना एका परिच्छेदात बसवलं तर दोघांचेही चाहते रागावतील. पण दादांच्या द्व्यर्थी संवादाचं यंत्र बघा. दादा एकच अर्थ बोलतात, तोही अगदी भाबड्या चेहऱ्याने. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात उमटतो. पडद्यावर चावट काहीच नसतं, म्हणून सेन्सॉरने पकडायचं तरी काय?

वर्षाने लिहिलेला शेवट

सेन्सॉरने पकडलं ते वेगळंच. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली. गुलजारांच्या ‘आंधी’तल्या सुचित्रा सेनच्या नायिकेत इंदिरा गांधींची छाया दिसते म्हणून चालू सिनेमा उतरवला गेला, तो सत्ता बदलल्यावर १९७७ मध्ये परतला. ‘शोले’चा तर शेवटच बदलावा लागला. मूळ पटकथेत ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा पायदळी तुडवलेला चालणार नव्हता. प्रदर्शन तोंडावर असताना नवा शेवट चित्रित झाला: ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूर पाय आवरता घेतो. नोकर रामलाल त्या बुटांना खिळे ठोकतो तो प्रसंगही गाळला गेला. पिढ्यानपिढ्यांनी तो अर्धवट सूड बघितला.

मूळ शेवट मोठ्या पडद्यावर आला तो पन्नास वर्षांनी. फिल्मच्या पट्टीचा अ‍ॅसिटेटचा पाया दमट हवेत कुजू लागतो, त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि डब्याला व्हिनेगरचा वास मारतो. ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हची अवस्था अशीच बिकट होती. पण निगेटिव्हवरून काढलेल्या, प्रती छापण्यासाठी जपलेल्या पॉझिटिव्ह पट्ट्या ब्रिटनमधल्या एका गोदामात सापडल्या. त्यांवरून मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससह जीर्णोद्धार केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात, उघड्या चौकात, गब्बर पटकथेप्रमाणे मेला.

जमलं तर दोन्ही शेवट लागोपाठ बघा. एकात ठाकूरचा सूड पुरा होतो आणि तो कोसळून रडतो. दुसऱ्यात वर्दीतली माणसं कायद्याची आठवण करून देतात. पहिला शेवट सलीम-जावेद यांनी लिहिला. दुसरा १९७५ सालाने लिहिला.